ताळा न केलेली यादी

उज्ज्वला गेली ते मला तीन तास उशिरा कळलं.

त्या दिवशी आमच्या कॉलेजात गणिताची गटचाचणी होती. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला ती द्यावी लागते, शाखा कुठलीही असो. हॉलमध्ये फोन चालत नाही. चाचणीच्या यंत्राच्या पेनाला त्याचा अडथळा होतो असं कंपनीचं म्हणणं आहे. म्हणून सकाळी आठ वाजता सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत ठेवून मी कुलूप लावलं होतं. माझाही त्यातच होता. मी या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. यंत्रं मांडणं, पाट्या पुसणं, मुलांना जागेवर बसवणं हे माझं काम. दुपारी दोन वाजता पेटी उघडली तेव्हा माझ्या फोनवर एकवीस कॉल येऊन गेले होते.

उज्ज्वला, माझी बायको, जळकोट रस्त्यावरच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांना गणित शिकवायला गेली होती. कॉलेजात तास नसले की ती अशी कुठं कुठं जायची. अकरा वाजता शिकवता शिकवता पडली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. उदगीरला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला त्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर आली होती. बराच वेळ दाराशी उभी राहिली, मग मला म्हणाली, "मॅडम पडल्या तवा मी ताळा करत होते. मला दिसलंच नाही."

मी विचारलं, "जमला का ताळा?"

"जमला," ती म्हणाली.

ताळा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. समजा, अठ्ठावन्न गुणिले चौतीस केलं आणि उत्तर आलं एकोणीसशे बहात्तर. ते बरोबर आहे का? अठ्ठावन्नचे आकडे मिळवायचे. पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार. चौतीसचे सात. चार सत्ते अठ्ठावीस, त्याचे दहा, दहाचा एक. आता उत्तराचे आकडे मिळवायचे. एकोणीस, त्याचे दहा, त्याचा एक. एकाला एक जुळला. जुळला नसता तर चूक नक्की होती. समीकरण असेल तर निघालेलं उत्तर परत वरच्या ओळीत घालून बघायचं. उज्ज्वला मुलांना सांगायची, "उत्तराला घरापर्यंत सोडून या. वाटेत टाकून येऊ नका."

मी बारावीला गणितात दोनदा नापास झालो. ती लग्नानंतर एम.एस्सी. झाली. सोळा वर्षं आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दर वर्षी नव्यानं नेमणूक. कायम प्राध्यापक वरचे वर्ग घेत. तिच्याकडं नेहमी शून्य गट यायचा.

पहिल्या वर्षाच्या गणिताचे गट तीन आहेत. गट दोनमधून पुढं संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणक घेता येतं. गट एकमधून वाणिज्य. गट शून्य म्हणजे शाळेतलंच गणित पुन्हा, आणि नंतर गणिताशी संबंध संपला. पूर्वी बारावीच्या मार्कांवर गट ठरायचा. तरी वाट बंद नव्हती. उज्ज्वला एखाद्या मुलाची वही बघायची, चिठ्ठी लिहायची, आणि विभागप्रमुख त्याला वर घ्यायचे.

पाच वर्षांपूर्वी यंत्र आलं आणि चिठ्ठ्या बंद झाल्या.

यंत्र म्हणजे एक पाटी, एक पेन आणि समोर एक लहान कॅमेरा. मुलानं बारा गणितं सोडवायची. उत्तर बरोबर की चूक एवढंच बघायचं असतं तर जुनी परीक्षा काय वाईट होती? हे यंत्र उत्तर कसं आलं ते बघतं. पेन किती वेळा उचललं, कुठं थांबलं, किती जोर दिला, डोळे कुठल्या ओळीवरून कुठल्या ओळीवर गेले. अशा हजारो बारीक गोष्टी ते नोंदवतं. त्यांतल्या कुठल्या महत्त्वाच्या, हे त्याला कुणी सांगत नाही. त्याला आधी अशी मुलं दाखवतात ज्यांचं पुढं काय झालं ते माहीत आहे. ही शंभर मुलं शून्य गटातली, ही शंभर एकमधली, ही शंभर दोनमधली. ती गणितं सोडवतात, यंत्र बघतं आणि तिन्हींत काय वेगळं आहे ते स्वतःच शोधून काढतं. नंतर नवं मूल समोर आलं की ते कुणासारखं हात चालवतं एवढंच ते बघतं.

ती पहिली तीनशे मुलं आमच्या कॉलेजातली होती. ती मी गोळा केली.

कंपनीचा एक नियम होता. शून्य गटाची शंभर मुलं तीन तुकड्यांतून, तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडची घ्यायची, एकाच शिक्षकाची नाहीत. त्याचं कारण मी विचारलं नाही. दोन तुकड्यांची मुलं प्रात्यक्षिक परीक्षेत अडकली होती आणि त्यांचे सर मला म्हणाले, "कोनाळे, तुमच्या यंत्रासाठी आमची परीक्षा थांबवायची का?" उज्ज्वलाची मागच्या वर्षीची मुलं मात्र एका हाकेत आली. मॅडमचं काम आहे म्हटल्यावर एक मुलगा हातातला वडापाव संपवतच हॉलमध्ये शिरला. मी शंभरच्या शंभर तिचीच बसवली. मला वाटलं, मुलं ती मुलं. त्यात काय फरक असणार?

यादीवर शून्य गटाची समन्वयक म्हणून तिची सही लागायची. 'तिन्ही तुकड्यांतून मुले घेतली आहेत' असं खाली छापलेलं होतं. ती भाकरी थापत होती.

"तिन्हींतली आहेत ना?" तिनं विचारलं.

"हो."

"नावं वाचू का? तुमचा ताळा करू का?"

"घरच्या माणसाचा कोण ताळा करतं?"

ती हसली. हात धुतले आणि सही केली. ती कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नसे. तो एकच कागद तिनं न वाचता दिला.

पुढच्या वर्षांत यंत्र जिल्ह्याबाहेर गेलं. आज बासष्ट कॉलेजांत तेच आहे, आमच्या तीनशे मुलांवर शिकलेलं. उज्ज्वला गेली त्याच्या आदल्या डिसेंबरात ती एकदा वह्या तपासता तपासता म्हणाली होती, "अहो, शून्यातली यंदाची मुलं चुकतच नाहीत हो. मग माझ्याकडं कशाला आली?"

"तू चांगलं शिकवतेस म्हणून."

"नाही. पहिल्या दिवसापासून चुकत नाहीत. आणि निम्मी तर मी ज्या शाळांत जाते तिथलीच आहेत."

"यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल," मी म्हणालो. तिनं वही पुढं ओढली.

तिच्यानंतर एक वर्षानं, या जुलैत, आमच्या इरानं चाचणी दिली. आमची एकच मुलगी. बारावीला गणितात शंभरात सत्त्याण्णव. आठवीपासून तिला संख्याशास्त्र करायचं होतं. घरचं मूल म्हणून मला त्या दिवशी हॉलबाहेर ठेवलं होतं. दुपारी निकाल भिंतीवरच्या पडद्यावर आला. इरा उज्ज्वला कोनाळे असं तिनं अर्जात नाव लावलं होतं, आईचं नाव मध्ये घेऊन. बारापैकी बारा उत्तरं बरोबर. गट शून्य.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणालो.

"माझ्या आधीची पोरगी दोनमध्ये गेली बाबा, आणि नंतरचा पोरगाही दोनमध्ये. मधल्या चार मिनिटांत बिघडलं होय?"

पुनर्चाचणी एकदाच देता येते, दहा दिवसांच्या आत. मी कंपनीला फोन लावला आणि त्यांनी निलोफरला पाठवलं. निलोफर अत्तार उदगीरचीच. बारा वर्षांपूर्वी ती उज्ज्वलाच्या शून्य गटात होती. उज्ज्वलाच्या चिठ्ठीवर वर गेली, आणि आता त्याच कंपनीत यंत्रं तपासते. कॉलेजातल्या सगळ्या मुलांसारखी ती मला मामा म्हणते.

तिनं आपल्या लॅपटॉपवर इराची चाचणी उघडली. बाराही गणितं एखाद्या चित्रफितीसारखी दिसत होती. पेन चाललं, उत्तर आलं, पेन थांबलं. मग इराचे डोळे वरच्या ओळीवर गेले आणि कडेला बारीक आकडे उमटले. निलोफरनं तिथंच थांबवलं.

"मामा, ही ताळा करतीय."

"मग? तिच्या आईनं शिकवलंय. तूही करतेस."

"माझं सोडा. यंत्रानं शून्यासाठी सगळ्यात जास्त वजन कशाला दिलंय बघा. उत्तर लिहिल्यावर डोळे मागं जाणं. पेन न उचलता कडेला आकडे मिळवणं." तिनं इराची चाचणी पुन्हा सुरुवातीला नेली. "हे कसं झालं? एवढी सगळी शून्याची मुलं ताळा करणारी कशी निघाली? मुलं तीन शिक्षकांची होती ना?"

मी तिला खरं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त समजावलं. आमच्या कॉलेजात ताळा शिकवणारी एकच बाई होती, आणि तिला नेहमी शून्य गटच दिला जायचा. यंत्राला शून्यातली फक्त तिची मुलं दिसली. त्यानं धडा घेतला की जो उत्तर पडताळतो तो कच्चा. उत्तरं तिन्ही गटांची बऱ्यापैकी बरोबर होती, त्यामुळं त्यांना त्यानं फारसं वजनच दिलं नाही.

"मग एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"कसं येणार? यंत्र बरोबर आहे का हे दर वर्षी तपासतात. त्यानं शून्यात टाकलेल्यांपैकी किती जणांनी पुढं वरचं गणित पास केलं, हे मोजतात. शून्यातल्याला वरच्या वर्गात बसूच देत नाहीत, तर पास कोण होणार? आकडा येतो शून्य. म्हणून सगळे म्हणतात, यंत्र शंभर टक्के बरोबर."

जाताना तिनं एक कोरा नमुना माझ्या हातात दिला. 'मूळ नमुन्यातील त्रुटीबाबत निवेदन.' ज्यानं नमुना गोळा केला त्याच्याच सहीनं ते चालतं. कंपनीनं स्वतः चूक मान्य केली नाही तरी या एका कागदावर सगळ्या कॉलेजांत नव्यानं नमुना घ्यावा लागतो, असा नियम आहे.

"पण मामा, इराला यातलं काही सांगू नका," ती म्हणाली. "खाली शेवटची ओळ वाचा."

शेवटची ओळ अशी आहे : 'मी किंवा माझ्या कुटुंबातील कोणीही या माहितीचा लाभ घेतलेला नाही.'

"लाभ घेतल्याचं निघालं तर निवेदन बाद. आणि मी तुम्हाला यंत्राचं पोट उघडून दाखवलं म्हणून माझीही नोकरी जाईल. ते जाऊ दे. इराचं एक वर्ष जाईल, पण पुढच्या वर्षी सगळ्यांबरोबर नीट होईल. एवढं करा."

मी मान डोलावली.

घरी आलो तर इरा ओट्याशी उभं राहून कांदा चिरत होती. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की कशाचं ते मी विचारलं नाही. म्हणाली, "गट शून्यात आईच्या खोलीत बसेन मी. तीन नंबर. तिथला पंखा चालत नाही." तिनं हे विनोदानं म्हटलं होतं. मला ते सहन झालं नाही. मी तिला सगळं सांगितलं. फक्त यादीवरची सही सांगितली नाही.

तिनं सुरी खाली ठेवली. "म्हणजे आईनं शिकवलं ते चूक?"

"चूक नाही. यंत्राला कळत नाही."

"मग यंत्राला सांगा ना. मला कशाला सांगताय?"

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून बाद झालेली एक पाटी घरी आणली. जेवणाच्या टेबलावर ती गणितं सोडवायची, मी समोर बसून तिच्या डोळ्यांकडं बघायचो.

"वर बघितलंस."

"नाही बघितलं."

"बघितलंस, इरा. उत्तर लिहिलं की पेन उचल आणि खिडकीकडं बघ."

"बाबा, बारावीला गणितात दोनदा नापास झालेला माणूस माझी शिकवणी घेतोय."

"चूक करायची सवय मलाच आहे. म्हणून मीच घेणार."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मग पुढचं गणित केलं आणि परत तिचे डोळे वर गेले. ते आपोआप जायचे. उंबरा आला की पाऊल उचलतो तसे. चौथ्या दिवशी ती पेन टाकून उठली आणि आईच्या कपाटाला टेकून बसून राहिली. थोड्या वेळानं आली आणि म्हणाली, "चला. परत." आठव्या दिवशी डोळे जायचे थांबले. उत्तर लिहायची, पेन उचलायची, खिडकीकडं बघायची. मी शाबास म्हणालो. दोघांनाही ते ऐकायला बरं वाटलं नाही.

पुनर्चाचणीत बारापैकी दहा उत्तरं बरोबर आली, दोन चुकली. गट दोन.

निलोफरला इराचा नवा निकाल दिसला असणारच. तिचा फोन आला तेव्हा तिनं इराचं नावही काढलं नाही. फक्त म्हणाली, "मामा, या एकतीस ऑक्टोबरला पुढच्या तीन वर्षांचा करार होतोय. बासष्टची शंभर कॉलेजं होतील. त्याच्या आत कागद आला तर आला." मी बरं म्हणालो. ती पुढं म्हणाली, "मॅडमनी मला चिठ्ठी दिली नसती तर मी आज अंडी विकत असते. माझ्या अब्बांचं दुकान आहे ना, तिथं." मग फोन ठेवला.

यंदा आमच्या कॉलेजात शून्य गटात दोनशे सतरा मुलं आहेत. शिकवायला एक नवीन मुलगा आला आहे. त्याला ताळा माहीत नाही. तो म्हणतो, मुलं हुशार वाटतात पण पेपर द्यायला वेळ फार लावतात. तो त्यांना घड्याळ लावून गणितं सोडवायला लावतो. तीन नंबरच्या खोलीपुढून जाताना मी आत बघतो. मुलांच्या ओठांची हालचाल मला ओळखता येते. पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार. दिवाळीपर्यंत तीही थांबेल.

मागच्या रविवारी इराची वही टेबलावर उघडी होती. मला तिच्यातलं काही कळत नाही, पण एका ठिकाणी नुसता गुणाकार होता. मी बोटांवर आकडे मिळवून बघितले. जुळले नाहीत.

"इरा, हे चुकलंय बघ. ताळा केलास का?"

तिनं मान वर केली नाही. "ते बंद केलंय ना आपण."

मी निवेदन तीनदा लिहायला घेतलं. सही करायची तर शेवटची ओळ खोटी ठरते, आणि खोट्या ओळीखाली आमच्या घरातली दुसरी सही पडते. पहिली उज्ज्वलाची आहे, ती तिनं माझ्यावर विश्वास ठेवून केली. ओळ खोडून खरं लिहायचं तर इरा गट दोनमधून जाते, निलोफरची नोकरी जाते, आणि नियमानुसार निवेदन तरीही बाद होतं. आणि काहीही लिहिलं तरी कुणीतरी ती जुनी यादी काढणार, शंभर नावं वाचणार आणि खाली उज्ज्वलाची सही बघणार. तिनं मुलांना फसवलं असं लोक म्हणतील. तिच्याकडून उत्तर द्यायला ती नाही.

जळकोट रस्त्यावरची ती मुलगी आता सहावीत आहे. तिची आई परवा बाजारात भेटली. "मॅडमचं एवढं एक धरून बसलीय बघा," ती म्हणाली. "गणित झालं की ताळा केल्याबिगर उठत नाही." तिची चाचणी व्हायला अजून जवळजवळ सात वर्षं आहेत.

आज ऑक्टोबरची एकोणतीस तारीख आहे. कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. त्यावर माझं नाव लिहून झालं आहे. सही राहिली आहे.